प्रोटीन नसताना जीन बंद-चालू करणारा आरएनएचा स्विच, कोणी नीट समजावून सांगंल का?

वाइंडिंगवाला, लातूर · रात्री ९:५२
नमस्कार मंडळी. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय, बारावी सायन्स केल्यालं पन त्याला पंचवीस वर्षं झाली, तवा चुकलं तर सांभाळून घ्या. पोरगी नीटचं रिपीट करायलीय. काल जेवताना तिला म्हनलं मला शिकीव, तुझीबी उजळणी होईल, तर तिनं लॅक ऑपेरॉन सांगितलं. दुधातली साखर नसली की रिप्रेसर नावाचं प्रोटीन डीएनएवर जाऊन बसतं आन जीन बंद, साखर आली की ती त्या प्रोटीनला चिकटती, प्रोटीन उठतं, जीन चालू. मी म्हनलं ह्यो तर रिले हाय, यात अवघड काय.
मग ती म्हनली पप्पा पन काही जीनला असलं प्रोटीन लागतच नाही, आरएनए स्वतःच स्विच असतो, क्लासमधी सरांनी एका वाक्यात सांगितलं आन सिलॅबसमधी नाही म्हनून पुढं गेले. आता माझं डोकं तिथंच अडकलंय. आमच्या धंद्यात वायर ती वायर आन स्विच तो स्विच. वायरच स्वतः स्विच कशी होईल? दुपारपासून एक पाच एचपीची मोटर उघडून बसलोय पन ध्यान सगळं ह्याच्यात.

टमटम_७२ · रात्री ९:५८
वायरच स्विच झाली की आमच्या गावात डीपी जळतो आन मग पंधरा दिवस अंधार 😄

परभणीचे_मास्तर · रात्री १०:१०
वाइंडिंगवाले, प्रश्न फार चांगला आहे. मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि एकाही पालकानं मला हे विचारलं नाही, मार्क किती पडतील एवढंच विचारलं.
थोडा इतिहास सांगतो. लॅक ऑपेरॉनची कल्पना जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडली, तेव्हा रिप्रेसर कशाचा बनलेला असतो हे माहीतच नव्हतं आणि त्यांचा स्वतःचा अंदाज तो आरएनए असावा असा होता. पुढे १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढून दाखवला तर निघाला प्रोटीन. तेव्हापासून जीन बंद-चालू करायची म्हणजे प्रोटीन पाहिजेच असं आम्ही शिकलो आणि तसंच शिकवलं. आरएनए बिचारा निरोप्या, डीएनएवरचा मजकूर प्रोटीन बनवणाऱ्या जागेपर्यंत नेणारा. तहसीलचा शिपाई कागद इकडून तिकडे नेतो तसा. कागदावर काय लिहायचं ते शिपाई ठरवत नाही असा आमचा समज.

गोदाकाठ · रात्री १०:४१
मास्तर, शिपाईच सगळं ठरवतो हे तहसीलला गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही 😀
मी नांदेडची, सध्या पुण्यात, मायक्रोबायोलॉजीतच आहे. लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.
याला रायबोस्विच म्हणतात. २००२ मध्ये येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटानं आणि न्यूयॉर्कमध्ये येवगेनी नुडलर यांच्या गटानं हे प्रयोगातून दाखवून दिलं. त्याच्या आधी १९९९ मध्ये मॉस्कोच्या गेलफंड यांच्या गटाला वेगवेगळ्या बॅक्टेरियात बी-२ व्हिटॅमिनच्या जीनच्या तोंडाशी आरएनएची तीच ती घडी दिसली होती, म्हणजे कुणकुण लागलेली होती.
आता तुमची वायर. आरएनए ही सरळ वायर नसतेच, तुमच्या भाषेत गुंडाळलेली कॉईल समजा. चार अक्षरं असतात, ए यू जी सी, त्यातलं ए यूला धरतं आणि जी सीला. धागा लांब असला की तो स्वतःवरच दुमडतो, आईच्या कपाटातल्या लोकरीसारखा, फक्त गुंता न होता ठरलेल्या घड्या पडतात. प्रोटीनचा मजकूर सुरू व्हायच्या आधी या धाग्याला एक रिकामा तुकडा असतो, आणि स्विच बसलेला असतो तो तिथं.
बी-१ व्हिटॅमिनचं उदाहरण घ्या. बॅक्टेरिया ते स्वतः बनवतात, वापरात येणारं त्याचं रूप म्हणजे टीपीपी. ते बनवणाऱ्या जीनच्या आरएनएच्या तोंडाशी साधारण शंभर अक्षरांची एक घडी असते आणि तिच्यात टीपीपी बरोबर मावेल असा खिसा. पेशीत टीपीपी कमी असेल तर खिसा रिकामा, धागा एका पद्धतीनं दुमडतो आणि पुढचं काम चालू राहतं. टीपीपी भरपूर झालं की एक कण खिशात जाऊन बसतो, खिसा घट्ट होतो, आणि त्यामुळं मागचा भाग दुसऱ्याच पद्धतीनं दुमडतो. काही बॅक्टेरियात या दुसऱ्या घडीत एक केसांच्या पिनेसारखा आकडा तयार होतो आणि त्याच्यामागं नुसत्या यू यू यूची रांग. आरएनए बनवणारं मशीन तिथं येऊन निसटतं, धागा अर्धवटच सुटतो. तर काहींमध्ये धागा पूर्ण बनतो पण रायबोसोम, म्हणजे धागा वाचून प्रोटीन बनवणारं मशीन, जिथं उतरतो ती जागाच घडीच्या आत झाकली जाते. मजकूर आहे पण वाचायला जागा नाही.
घरचं उदाहरण द्यायचं तर टाकीतला फ्लोट व्हॉल्व. टाकी भरली की फुगा वर येतो आणि पाणी बंद. मोजणारा आणि बंद करणारा एकच, मध्ये रिले नाही.

वाइंडिंगवाला, लातूर · रात्री ११:०५
ताई लई भारी सांगितलं. फ्लोटचं म्हनाल तर आमच्या लातुरात लहान लेकराला बी कळतंय, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पानी आलं तवापासून घरटी एक हौद आन वर एक टाकी, आन दोन्हीला फ्लोट.
पन मला एक खटकतंय, राग मानू नका. फ्लोट तोच ऱ्हातो, टाकी रिकामी झाली की खाली येतो, भरली की वर, वर्षभर तेच. तुमचा धागा अर्धवट सुटला तर सुटला, तो परत जोडला जातो का? आन मशीन तर धागा बनवत पुढं चाललंय, मग त्या टीपीपीला खिशात जाऊन बसायला टाइम किती मिळतो?

गोदाकाठ · रात्री ११:३०
राग कशाचा, माझी उपमा चुकली. तुम्ही विचारलंय तेच या विषयातलं खरं मर्म आहे आणि आम्हाला ते एमएस्सीच्या शेवटी कळलं.
सुटलेला धागा परत जोडला जात नाही. बॅक्टेरियातला आरएनए तसाही काही मिनिटांचा पाहुणा. म्हणजे एकच स्विच दिवसभर वरखाली होत बसत नाही, प्रत्येक नवा धागा जन्मताना आपापला निर्णय घेतो, आणि हजारो धाग्यांच्या निर्णयांची बेरीज म्हणजे जीन चालू किंवा बंद.
टाइमचं असं, मशीन सेकंदाला काही डझन अक्षरं टाकत पुढं जातं. खिसा बनून पूर्ण झाला की आकडा बनायच्या जागेपर्यंत पोचायला मोजून काही सेकंद. तेवढ्यात कण आला तर आला, नाहीतर गाडी सुटली. बी-२ च्या स्विचवर हे नीट मोजलेलं आहे. निवांत वेळ दिला तर अगदी थोडा एफएमएन (बी-२ चं वापरात येणारं रूप) सुद्धा तो खिसा पकडतो, पण घाईत निर्णय घ्यायचा तर त्याहून बराच जास्त एफएमएन पेशीत असावा लागतो. आणि गंमत म्हणजे मशीन तिथं ठरलेल्या जागी जरा थबकतं, जणू धाग्याला विचार करायला सवड देतं.

वाइंडिंगवाला, लातूर · रात्री ११:३८
मंजी टाइमर हाय. स्टार-डेल्टा स्टार्टरमधी असतो तसा. टाइम कमी-जास्त लावला की अख्खं स्टार्टर येगळं वागतं. आता कळलं. आन एकदाच वापरायचा म्हनल्यावर ह्यो फ्यूज झाला की.

गोदाकाठ · रात्री ११:५१
फ्यूज म्हणावं असा दुसरा एक आहे, खराखुरा. बॅसिलस सबटिलिस नावाच्या मातीतल्या बॅक्टेरियात ग्लूकोसामीन-६-फॉस्फेट नावाची साखर बनवणारा जीन आहे. त्याच्या आरएनएच्या तोंडाशी जो तुकडा आहे तो ही साखर चिकटली की स्वतःला कापून टाकतो. स्वतःच. कात्रीसारखं कापणारं प्रोटीन नाही, आरएनएच कात्री, आणि साखर नुसती बटण दाबत नाही तर कापायच्या रसायनात स्वतः हात घालते. एकदा कापला की उरलेला धागा पेशीतले सफाई कामगार खाऊन टाकतात. २००४ ला सापडला.

टमटम_७२ · रात्री ११:५५
साखर जास्त झाली की साखर कारखाना स्वतःचाच पट्टा तोडतोय. आमच्याकडं ऊस तोडायला टोळी मिळंना आन हितं बगा 😂

औषधवाली_बीड · सकाळी ७:२०
रात्रीच वाचलं पण दुकान बंद करून घरी जाईपर्यंत डोळे मिटायले होते.
मला सांगायचं होतं ते थिओफायलीनचं. दम्याच्या पेशंटला आपल्याकडं अजूनही डेरिफायलिन देतात ना, त्यात थिओफायलीन असतं. आणि चहा-कॉफीतलं कॅफीन हे त्याचं सख्खं भावंड, दोघांच्या रेणूत फक्त एका मिथाइल गटाचा फरक, म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले हायड्रोजन, बस. डी.फार्मला असताना सरांनी दोन्ही आकृत्या फळ्यावर काढल्या तर अर्ध्या वर्गाला फरकच सापडेना. तर १९९४ मध्ये प्रयोगशाळेत निवडून निवडून एक असा आरएनएचा तुकडा काढलेला आहे जो थिओफायलीन पकडतो आणि कॅफीन त्याच्यापुढं दहा हजार पटीनं कमी पकडतो. माझ्या काउंटरवर रोज दोन सारख्या नावांच्या गोळ्यांत घोळ होऊ नये म्हणून मी तीनदा वाचते, आणि हा धागा शंभर अक्षरंसुद्धा नसताना हे करतो. गोदाकाठताई, हा पण स्विच म्हणून वापरतात ना?

गोदाकाठ · सकाळी ८:०५
हो, खूप. तो खिसा घेऊन लोकांनी घरी बनवल्यासारखे स्विच बनवलेत, जीनच्या तोंडाशी जोडायचा आणि थिओफायलीन घातलं की जीन चालू. शिकाऊ मुलांचा पहिला स्विच बहुतेक हाच असतो.
पारखीचं अजून एक. निसर्गातच एक स्विच ग्वानीन ओळखतो आणि त्याच्याच घडीचा दुसरा अॅडेनीन. दोघांच्या खिशात फरक एका अक्षराचा. त्या जागी सी असेल तर ग्वानीन येऊन बसतो, यू असेल तर अॅडेनीन. शाळेत शिकलेली तीच जोडी, जी-सी आणि ए-यू. एक अक्षर बदललं की स्विचचा मालक बदलला.

परभणीचे_मास्तर · सकाळी ८:३२
मी चाळीस मिनिटं झाली हेच वाचतोय, सकाळचं फिरणं राहिलं. सातबाऱ्यावर एक अक्षर बदललं की जमिनीचा मालक बदलतो, तसंच म्हणायचं.

किनवटकडचा · दुपारी १:१४
फ्लोराइडचा पन आसा स्विच असतो आसं कुठंतरी वाचलं होतं, खरं हाय का? विचारायचं कारन आमच्याकडं किनवट माहूर भागात बोरच्या पान्यात फ्लोराइड. माझ्या थोरल्या भावाचे दात बघा, पुढच्या दोन दातांवर तपकिरी आडव्या रेघा, ब्रश करकरून हिरड्यातून रक्त काढलं त्यानं लहानपनी, मास्तर म्हनायचे दात घासत न्हाईस. बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं की ते घासून जायचंच नव्हतं. मी धाकटा, तवर आमच्या आळीत दुसऱ्या विहिरीचं पानी आलं, माझे दात चांगले.
एक शंका, आरएनए निगेटिव्ह चार्जचा, फ्लोराइड पन निगेटिव्ह. मग दोघं चिकटतात कसे? चुंबकाचे सारखे टोक ढकलतात ना.

गोदाकाठ · दुपारी २:४०
दादा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. आमच्या मावशीकडंही तेच.
फ्लोराइडचा स्विच आहे, २०१२ मध्ये सापडला, ब्रेकर यांच्याच गटाला. शंका शंभर टक्के बरोबर, तो सापडला तेव्हा सगळ्यांनी हेच विचारलं. उत्तर त्याच वर्षी रचना बघितल्यावर मिळालं, मध्ये दलाल आहेत. मॅग्नेशियमचे तीन आयन. ते पॉझिटिव्ह. एका बाजूनं ते आरएनएच्या फॉस्फेटला धरतात, आणि तिघं मिळून मध्ये जी फट राहते तिच्यात एवढासा फ्लोराइड बसतो. क्लोराइड आकारानं मोठा, त्या फटीत मावत नाही. म्हणून पाण्यात मीठ कितीही असलं तरी हा स्विच फसत नाही.
आणि हा उलटा स्विच आहे. बी-१ आलं की जीन बंद होतो, फ्लोराइड आलं की चालू. कारण फ्लोराइड बॅक्टेरियालाही विषच, साखर तोडायच्या साखळीतलं इनोलेज नावाचं एन्झाइम ते अडवतं. म्हणून धाग्यात फ्लोराइड बसलं की बंद करणारा आकडा बनतच नाही, पुढचा जीन वाचला जातो आणि त्यातून फ्लोराइड बाहेर काढणारं दार बनतं. घरात धूर झाला की खिडकी उघडायची, तसं.

किनवटकडचा · दुपारी २:५५
बॅक्टेरियाला खिडकी हाय आन आमच्या हाडांना न्हाई.

वाइंडिंगवाला, लातूर · दुपारी ३:१०
ताई मग ह्याच स्विचनं पानी तपासता यील की. फ्लोराइड आलं की दिवा लागावा.

गोदाकाठ · दुपारी ३:४५
केलंय. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये. बॅक्टेरिया नाही, बॅक्टेरियाचा नुसता रस, त्यात हा स्विच आणि त्याच्यामागं पिवळा रंग आणणाऱ्या एन्झाइमचा जीन, सगळं वाळवून पूड. पाण्याचा थेंब टाकला, फ्लोराइड असलं तर पिवळं. कोस्टा रिकात ज्वालामुखीजवळच्या पाण्यावर त्यांनी तिथंच उभं राहून वापरून बघितलं.
किनवटकर, तुम्ही विचारायच्या आत सांगते, मेडिकलवर मिळेल अशी ती वस्तू अजून नाही. तोवर बोरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आणि हे घरी सगळ्यांना सांगा, उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि उलट ते घट्ट होतं.

टमटम_७२ · संध्याकाळी ५:०२
मान्साच्या अंगात आसा स्विच हाय का? आमच्या हिला राग आला की बंद करायला पायजे होता.

गोदाकाठ · संध्याकाळी ५:२०
वहिनींना हा धागा दाखवू का 😀 या जातीचा, म्हणजे लहान रेणू थेट खिशात घेणारा, माणसात अजून पक्का सापडलेला नाही. बुरशीत आणि झाडांत बी-१ वाला आहे, भातातसुद्धा, पण तिथं तो धाग्याच्या कापाकापीवर चालतो. आपल्यात आरएनएची हुकूमत दुसऱ्या तऱ्हेनं चालते, मायक्रोआरएनए, ज्याला २०२४ चं नोबेल मिळालं, अॅम्ब्रोस आणि रुव्हकन यांना. तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा.
माणसात नाही हे मात्र आपल्या फायद्याचं. स्विच बॅक्टेरियात आहे आणि आपल्यात नाही म्हणजे तिथं औषध मारता येतं. रोझिओफ्लेव्हीन नावाचं लाल रंगाचं एक नैसर्गिक अँटिबायोटिक बी-२ चं सोंग घेऊन त्याच्या खिशात जाऊन बसतं, टाकी रिकामी असताना फुगा वर धरून ठेवल्यासारखं. बॅक्टेरियाला वाटतं बी-२ भरपूर आहे, आणि तो उपाशी मरतो. २०१५ मध्ये रायबोसिल नावाचा एक रेणू निघाला, तो बी-२ सारखा दिसतसुद्धा नाही तरी त्याच खिशात बसतो. पण बॅक्टेरियाही हुशार, खिशातलं एखादं अक्षर बदलून मोकळा होतो.

परभणीचे_मास्तर · संध्याकाळी ६:१५
तापमानावर चालणारे पण असतात ना? लिस्टेरिया या रोग करणाऱ्या बॅक्टेरियाचं ऐकलं होतं.

गोदाकाठ · संध्याकाळी ६:३०
असतात. तिथं खिसाच नाही, नुसती घडी. लिस्टेरिया बाहेर ३० डिग्रीला असला की घडी मिटलेली, आपल्या अंगात ३७ ला आला की घडी सैल पडते, रायबोसोमला जागा मिळते आणि रोग करणारे जीन चालू. अंगाची ऊब हेच बटण. आपल्या मे महिन्यात ४२ डिग्रीला त्याचं काय होत असेल देव जाणे.

वाइंडिंगवाला, लातूर · रात्री ९:१५
मी त्याची मुलगी, पप्पांच्या फोनवरून लिहितेय. ताई, एकाच आरएनएवर दोन स्विच असतात का? आणि असले तर दोघांचं भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं?

गोदाकाठ · रात्री ९:४८
बाळा, तू नीट पास हो नाहीतर नको होऊ, इकडं संशोधनात ये.
असतात. बॅसिलस क्लॉसाय नावाच्या बॅक्टेरियात मेटी म्हणून जीन आहे, मेथिओनीन (प्रोटीन ज्यांचं बनतं त्यातलं एक अमिनो आम्ल) बनवणारा. त्याच्या तोंडाशी एकामागं एक दोन पूर्ण स्विच, प्रत्येकाला स्वतःचा बंद करणारा आकडा. एक सॅम नावाचा रेणू ओळखतो, दुसरा बी-१२. सॅम मेथिओनीनपासूनच बनतो, तो भरपूर म्हणजे मेथिओनीन पुरेसं आहे, बंद करा. आणि बी-१२ असेल तर मेथिओनीन बनवणारं दुसरं चांगलं एन्झाइम आहे जे बी-१२ वर चालतं, मग हे जुनं कशाला, बंद करा. दोन्हीतलं एक जरी आलं तरी बंद, दोन्ही नसतील तरच चालू. २००६ मध्ये दाखवलंय. इलेक्ट्रॉनिक्सवाले याला नॉर गेट म्हणतात. भांडण होतच नाही, कारण दोघांनाही फक्त 'नको' म्हणता येतं.

वाइंडिंगवाला, लातूर · रात्री १०:०२
आता मी हाय, पोरगी अभ्यासाला बसली.
ताई हे मला न सांगता कळलं. दोन एनसी कॉन्टॅक्ट सिरीजमधी. एनसी मंजी नॉर्मली क्लोज, काही झालं न्हाई तर करंट जातोच, कोन्ही येऊन दाबलं की तुटतो. माझ्या दुकानात आत्ता टेबलावर हेच पॅनल पडलंय, एका हॉस्टेलचं, हौदात पानी न्हाई तरी मोटर बंद आन वरची टाकी भरली तरी मोटर बंद, दोन फ्लोट, दोन एनसी, एका वायरीवर एकामागं एक. दोघातल्या कोन्ही एकानं तोडलं तरी मोटर बंद. काल मी म्हनलो वायर ती वायर आन स्विच तो स्विच, पन ह्या पॅनलमधी बी वायर सरळ कुठं हाय, कॉन्टॅक्टमधूनच तर चाललीय.
पोरीला वहीत काढून दिलं. एका बाजूला माझं पॅनल, दुसऱ्या बाजूला तुमचा धागा, दोन घड्या आन दोन आकडे. तिनं बी-१२ च्या फ्लोटला निळा रंग दिलाय आन सॅमच्या फ्लोटला लाल. हॉस्टेलवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला, पोरं बिनअंघोळीची हायत म्हनतोय, तवा आता पॅनल जोडतो.

टमटम_७२ · रात्री १०:०६
पोरान्ला सांगा बी-१२ जास्त झालं म्हनून मोटर बंद हाय 😂